होऊन गेलेली बाई

“एवढं फिनेल ओततात, तरी वास काही जात नाही गं आई. आणि तिचं बघ, नशीबच काढलंय. नाकच चालत नाही, मग तिला कसली आलीय घाण?”

उन्नती आपल्या खोलीच्या खिडकीत उभी राहून माहेरी फोनवर हळू बोलत होती. हळू म्हणजे तिच्या हिशेबानं हळू. मध्ये एका विटेची भिंत, वर सिमेंटची जाळी, आणि जाळीच्या अलीकडं मोरीत हौसा उकिडवी बसून आजारी सासऱ्याचं शौचाचं भांडं घासत होती. तिनं हात थांबवला नाही. थांबवला असता तर आपण ऐकलं हे उन्नतीला कळलं असतं, उन्नती ओशाळली असती, आणि ओशाळलेली उन्नती निस्तरायला रागावलेल्या उन्नतीपेक्षा अवघड.

हौसा थोरली सून, उन्नती धाकटी. पण उन्नती कल्याणची, बी.कॉम. झालेली, आणि तिचा नवरा दीपेश काल्हेरात चार गाळ्यांचा मालक म्हणून मिरवणारा. हौसाचा नवरा देवेश त्याच दीपेशचा टेम्पो चालवायचा. त्यामुळं थोरलेपण हौसाकडं उरलं होतं ते सकाळी सगळ्यांच्या आधी उठण्यापुरतं.

नाक चालत नाही हे मात्र खोटं होतं. नाक चालत होतं, उलटं चालत होतं. आदल्या वर्षी गणपतीत तिला कोरोना झाला तेव्हा वास पुरा गेला होता. दिवाळीच्या सुमारास परत आला, पण देवानं घाईत पाट्या अदलाबदल करून लावाव्यात तसा. सुकट भाजली की टायर जळल्यासारखा दर्प यायचा. भाताची पेज उकळायला लागली की फळीमागं उंदीर मेलाय असं वाटायचं. कोथिंबिरीनं तर पोट ढवळून तोंडात पाणी यायचं. आणि ज्याच्या नावानं लोक नाकाला पदर लावतात, त्या भांड्याला ओल्या चिखलासारखा साधा, जवळजवळ बरा वास. हे ती कोणाला सांगणार? देवेशला एकदा सांगितलं तर तो हसला. “मंग तर बरा हाय की गो. घाणीचं काम तुलाच सोपा.”

सासऱ्याला सगळे भाऊच म्हणायचे, सुनासुद्धा. चैत्र लागला आणि भाऊला ताप आला. भिवंडीत खाट नाही, ठाण्यात खाट नाही. शेवटी दीपेशनं ओळखीनं ऑक्सिजनचं मशीन आणलं आणि पडवीच्या खोलीत भाऊला ठेवलं. त्याच संध्याकाळी ओट्यावर चौघं लांब लांब बसली. कोण काय करणार हे ठरवायचं होतं, म्हणजे ठरलेलंच होतं, फक्त बोलायचं होतं.

“वयनीला होऊन गेलाय,” दीपेश म्हणाला. “तिला आता काय न्हाय होत.”

“अँटीबॉडीज तयार होतात,” उन्नती म्हणाली. “मी वाचलंय.”

आतून भाऊनं खोकत खोकत साथ दिली. “माझ्या आयशीला देवी आलत्या लहानपनी. तोंडभर वण. मंग गावात कोनाला देवी आल्या का तिलाच बोलवायचे. तिला परत कवाच न्हाय आल्या. ज्याला येऊन गेली त्याला माय वलखते.”

“बघा,” दीपेश म्हणाला. जणू भाऊ वैद्यकी शिकून आला होता.

हौसानं देवेशकडं पाहिलं. देवेश ओट्याच्या कडेला निघालेला सिमेंटचा पोपडा नखानं उचकटत होता. पोपडा निघेना. तो जास्तच मन लावून उचकटायला लागला.

हीच माणसं, हाच ओटा. आदल्या वर्षी तिचा रिपोर्ट आला तेव्हा दीपेशनं तिला आपल्या रिकाम्या गाळ्यात ठेवलं होतं. पत्र्याखाली, पुठ्ठ्यांच्या ढिगाशेजारी. जेवणाची थाळी शटरखालून आत सरकवायला घरातलं जुनं वल्हं काढलं होतं. खाडीवर होडी चालवायची सोडून किती वर्षं झाली होती, पण वल्हं कामी आलं. थाळी फरशीवर घासत यायची आणि निम्मं वरण फरशीवरच राहायचं. बरी होऊन घरी आली तरी पुढं कितीतरी दिवस तिची चहाची वाटी वेगळी, करवंटीएवढी, काठ चेपलेली. आता मात्र भाऊच्या खोलीतून ती बाहेर आली की उन्नती कपबशीत चहा द्यायची. लांबून, ओट्याच्या टोकाला ठेवून, पण कपबशीत. हौसाला या कपबशीची किळस यायची आणि ती रोज तिची वाटही बघायची. माणसाचं असंच असतं.

काम सकाळी सुरू व्हायचं. भाऊ एके काळी दोन हातांत दोन पाट्या रेती उचलणारा माणूस. आता अंग सैल पडलं होतं, पण वजन तेच. त्याला कुशीवर वळवायचं तर गुडघा खाटेला टेकवून, त्याच्या पाठीखाली दोन्ही हात घालून, दात आवळून ओढायला लागायचं. गादी खराब होऊ नये म्हणून दीपेशनं गोदामातून पार्सलाला गुंडाळायचा फुगेवाला प्लास्टिक कागद आणून अंथरला होता. भाऊ हलला की खालून टपटप फुगे फुटायचे.

“काय गो वाजतंय?”

“तुमीच वाजताव भाऊ. पार्सल झालाय तुमचा.”

“कंच्या गावाला धाडतंस?”

“पत्ता न्हाय अजून. पडून ऱ्हावा गपचूप.”

भाऊ हसायचा, हसण्यातून खोकला, खोकल्यातून बेडका. ती ओंजळीत कागद धरायची. प्लास्टिकमुळं त्याच्या पाठीला घामोळं फुटलं होतं, कमरेखाली कातडी ओली होऊन पांढरी पडली होती, एका जागी जखम झाली होती. ती कोमट पाण्यानं पुसायची, जांघा पुसायची, पावडर लावायची. सुरुवातीला भाऊनं डोळे गच्च मिटून तोंड भिंतीकडं केलं होतं. सासऱ्याचं अंग सुनेनं बघायचं नसतं. तीही भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत पुसत राहिली, आणि एकदा चुकून त्याच्या जखमेवरच बोट दाबलं. तो ओरडला. त्यानंतर दोघांनी लाज सोडली. लाजेनं काम वाढतं.

हे सगळं तिला जमायचं. जमायचं नाही ते पेज भरवणं. चमचा भाऊच्या तोंडाशी नेताना मेलेल्या उंदराचा वास नाकात शिरायचा, आणि घशातून उमासा यायचा. ती मान वळवून मास्कच्या आत ओकारी गिळायची.

“माझी किलस येतंय न तुला?” भाऊनं एकदा विचारलं.

“तुमची न्हाय भाऊ. पेजंची.”

त्याला ते पटलं नाही. सुनेनं सासऱ्याची समजूत काढायला केलेली बतावणी, असंच तो समजला, आणि त्या दिवसापासून दोन चमचे कमी खायला लागला. आता काय करावं?

भाऊचा ताप उतरायला लागला तशी गावात बातमी फिरली. काय बातमी, तर दीपेशकडं एक होऊन गेलेली बाई आहे. एका सकाळी हिरामण दारात आला. तीन घरं सोडून राहायचा, दीपेशचा पंचायतीतला मित्र. फाटकाबाहेरच उभा राहून बोलला, “आईला झालाय रे. बायको हात लावत न्हाय. जरा हौसावयनीला पाठव न. सकालची येल फक्त.”

लग्नाला मोठा टोप मागावा तसा. आणि दीपेशनंही टोप द्यावा तसंच म्हटलं, “ने की. त्यात काय इचारतंस?”

हौसा तिथंच उभी होती, हातात पिळलेली चादर. टोपाला कोण विचारतं?

हिरामणच्या अंगणात त्याची बायको औषधमारणीचा पंप घेऊन उभी होती, भातावर मारतात तो. तिनं आधी हौसाच्या पायांवर, मग साडीवर, मग पाठीवर फवारा मारला. “राग मानू नको हां वयनी. पोरं हायती घरात.” जाताना पुन्हा फवारा. येताना रोगाच्या घरातून आलेली, जाताना रोगाच्या घरातून चाललेली. मधल्या वेळात तेवढी देवी.

हिरामणची आई जानकीबाई आतल्या खोलीत पडली होती. खोलीचं दार बाहेरून दोरीनं ओढून बांधलेलं. केसांचं जटावलेलं टोपलं झालेलं, लुगडं अंगाला चिकटून वाळलेलं. दोन-तीन दिवस कोणी आत आलेलं नव्हतं, हे दिसत होतं. हौसा उंबऱ्यात क्षणभर उभी राहिली. नाकाला चिखलाचाच वास. पण डोळ्यांना तर पाट्या बदलून लावलेल्या नव्हत्या. डोळ्यांना सगळं सरळ दिसत होतं.

“आलीस?” जानकीबाई म्हणाली. “माझी सून खिडकीतून ‘आई, आई’ करते. कोंबडीला हाक मारतात तशी. मी पन आता कुकुच करतंव.”

“तोंड चालतंय म्हंजे बऱ्या हाव तुमी.”

“तोंडच चालतंय. खालचा सगला गेलाय. बघ तूच.”

हौसानं बघितलं, धुतलं, लुगडं कात्रीनं कापून काढलं. मागच्या साली हीच जानकीबाई बोरिंगवर म्हणाली होती, देवेशच्या बायकोनं हात लावलाय, पंप धुवून घ्या. हौसाला ते आठवत होतं. जानकीबाईलाही आठवत असावं, कारण हौसा पायांच्या बोटांमधलं पुसायला लागली तेव्हा तिनं पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला, आणि जमलं नाही तेव्हा रडायला लागली.

“रडू नका. परत पुसायला लागतंय,” हौसा म्हणाली.

मग आणखी एक घर. मग वरच्या आळीतलं आणखी एक. दीपेश फोनवर लोकांना वेळा द्यायला लागला. बाहेर हायवेवर गोदामांचे ट्रक तसेच धावत होते. लोकांना घरात बसून सगळं हवं होतं. देवेश टेम्पोत पार्सलं भरून ठाण्याला जायचा, हौसा बादली घेऊन घरोघर. एका दुपारी दीपेशनं तिचा सत्कारही केला. पंचायतीच्या पोरांना बोलावून फोटो काढले. शाल आणि नारळ प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवले, सगळे मागं सरले, मग हौसानं पुढं होऊन ते उचलले. “वाघीण हाय आमची वयनी,” दीपेश म्हणाला आणि टाळ्या वाजवल्या. उन्हात उभ्या उभ्या हौसाच्या हातमोज्यांतून घाम गळून नारळावर थेंब पडत होते. तिला वाटलं, हा नारळ आत्ता ह्याच्या पायाशी फोडावा. मग वाटलं, करवंट्या पण आपल्यालाच गोळा करायला लागतील.

भाऊच्या औषधाच्या चिठ्ठीसाठी देवेश तिला घेऊन आरोग्य केंद्रात गेला. तिला पत्र्याच्या सावलीत थांबवून तो आत गेला. खिडकी उघडी होती. आत मेघाली सिस्टर. रात्रपाळी करून तिच्या डोळ्यांखाली मास्कचे वळ उठलेले.

“घरी कोण बघतं पेशंटला?”

“बायको. तिला होऊन गेलाय, मागल्या साली.”

“मग? परत होत नाही असं कोणी सांगितलं?” सिस्टर म्हणाली. “काही महिने अंगात ताकद राहते. बऱ्याचदा दुसऱ्यांदा झाला तरी हलका जातो. पण होतो. आमच्याच एका सिस्टरला झाला. तिला म्हणावं, मास्क काढू नकोस, आणि एकटीवर टाकू नका. आलटूनपालटून करा.”

देवेशनं मान हलवली. बाहेर आला, टेम्पो सुरू केला.   घरी ओट्यावर दीपेशनं विचारलं, “काय बोलली सिस्टर?”

“काय टेन्शन न्हाय बोलली,” देवेश म्हणाला.

हौसा त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. खालच्या दातात तंबाखूचा काळा कण अडकला होता. बोलताना तो ओला होऊन चकाकत होता. अठरा वर्षं ती या तोंडाशेजारी झोपत आली होती. भाऊची जखम, जानकीबाईचं लुगडं, कशाचीच तिला किळस आली नव्हती. आता आली. ती मोरीत जाऊन ओकली. उन्नती जाळीतून म्हणाली, “ताई, पित्त झालंय का? लिंबू देऊ?”

तिथंच आपणही खरं का बोललो नाही, याचा हौसानं मागाहून विचार केला. बोललो असतो तर भाऊचं कोणी केलं असतं? त्याची पाठ सडली असती. हे खरं. आणि गाळ्यातून परत आल्यावर कोणी आपल्या हातचं पाणी पीत नव्हतं, आता आपल्या नावानं फाटकाशी हाक येते, हेही खरं. दोन्ही खरं होतं, आणि दुसरं जास्त लाजिरवाणं.

भाऊ मात्र उठून बसायला लागला. मशीन परत गेलं. भिंत धरून तो मोरीपर्यंत जायचा आणि येताना दमून म्हणायचा, “पार्सल फिरून आला बघ.”

पुढच्या आठवड्यात एका सकाळी हौसा चुलीवर सुकट भाजत होती. श्वास कोंडून भाजायची सवय झाली होती. तवा उतरवला आणि कोंडलेला श्वास सोडून नवा घेतला, तर टायर जळला नाही. तिनं पुन्हा ओढून बघितलं. काही नाही. पेजेचं झाकण उघडलं. उंदीर गेला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सुटले एकदाची! तिनं तांदळाची गरम भाकरी घेतली, वर सुकट, वर कच्चा कांदा, आणि कित्येक महिन्यांनी भूक लागल्यासारखी बचाबचा खायला लागली. अर्धी भाकरी संपेपर्यंत तिच्या ध्यानात आलं नाही की तोंडात नुसता ओला पुठ्ठा फिरतोय. मीठ नाही. मिरची फक्त जिभेवर टोचतेय, तिला चव नाही.

तिनं कांदा फोडून नाकाशी धरला. दात घासायची राखुंडी हुंगली. फिनेलच्या डब्यात नाक घातलं, डोळे झोंबले, वास नाही. मग मोरीत जाऊन भाऊचं भांडं उचललं आणि जगात कोणी हुंगलं नसेल तसं ते खोल हुंगलं. तो बरा, ओला, चिखलाचा वाससुद्धा गेला होता.

ती मोरीच्या काठावर बसली. पाठीतून कळ निघत होती, ती कालपासूनच होती. पिंढऱ्या दुखत होत्या, त्या परवापासून. उचलून उचलून दुखत असतील असं ती स्वतःला सांगत आली होती. कपाळाला हात लावला. आपलाच हात, आपलंच कपाळ, दोन्ही सारखंच गरम. कळणार कसं?

देवेश टेम्पो पुसत होता. ती लांब उभी राहून म्हणाली, “मना वास येत न्हाय.”

“तुला कवा येतो?”

“तसा न्हाय. पुरा गेलाय. मागल्या टायमाला गेलता तसा. अंग पन तापलाय.”

त्याचा फडका काचेवर एकाच जागी फिरत राहिला. “ऊन किती हाय बघ. ऊन लागला असंल. सरबत पी.”

“देवेश.” नवऱ्याला तिनं कधी नावानं हाक मारली नव्हती. “खिडकी उघडी होती त्या दिवशी.”

तो काही बोलायच्या आत फाटकाशी जीप थांबली. हिरामण उतरला, घाईत, मास्क हनुवटीवर. “दीप्या! आईला खाट भेटली ठाण्याला. लगेच न्यायची हाय. पन अशी कशी नेऊ? सगला भरवून ठेवलाय तिनं. वॉर्डात लोक काय बोलतील? वयनीला पाठव लवकर.”

दीपेश बनियनवर बाहेर आला, मागून उन्नती. “वयनी, जा पटकन. खाट जाईल हातची.”

“मी न्हाय जात,” हौसा म्हणाली. “मना बरा न्हाय.”

“काय होतंय?” उन्नतीनं विचारलं.

“ताप हाय. वास गेलाय.”

उन्नती एक पाऊल मागं सरली. तोंडानं म्हणाली, “दगदग झालीये ताई. तुमच्या अंगात तर अँटीबॉडीज आहेत.” आणि आणखी एक पाऊल मागं सरून तिनं दाराची कडी धरली. हिरामणनं हनुवटीवरचा मास्क वर ओढला. दीपेश बसायला खुर्ची शोधत असल्यासारखा ओट्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. सगळ्यांचे पाय खरं बोलत होते.

“एकदाच जा,” दीपेश तिथून म्हणाला. “एवढ्या घरांत गेलीस, काय झाला का? आता शेवटच्या टायमाला कशाला... जानकीकाकू तुझं नाव घेतात.”

“गोली घे एक आन जा वयनी,” हिरामण म्हणाला. “मी जीपनं सोडतंव.”

 हौसा पायरीवरच बसली, गुडघ्यांवर कपाळ टेकून. कोणीही तिला धरायला पुढं झालं नाही. अंगणात ऊन, हायवेवर ट्रकांची घरघर.

आतून काठीचा आवाज आला. भाऊ भिंत धरत, मग चौकट धरत बाहेर आला. लुंगी नीट गुंडाळलेली, अंगात सदरा, पायात चपला.

“चल हिरामना. मी येतंव.”

“तुमी कुठं भाऊ?”

“जानकीला पुसायला. बाईमानसाचा अंग हाय म्हनून लाजू नको. मी मान फिरवून करन. तिला सांग, म्हातारा हाय.” तो पायरी उतरायला लागला, दम लागून थांबला. “मना ताजा होऊन गेलाय. हिच्यापरीस ताजा. मना काय न्हाय होत.”

“येडा झालास काय?” दीपेश धावत पुढं आला आणि त्यानं बापाचा दंड धरला. “मरता मरता वाचलायंस तू! तितं जाशील आन परत झाला म्हंजे?”

‘परत’ हा शब्द तोंडातून गेला. दीपेशनं बापाचा दंड सोडला नाही, पण त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. उन्नतीनं दाराची कडी दोनदा वाजवली, कशाला कोण जाणे.  भाऊ नुसता थोरल्या मुलाकडं बघत राहिला.

देवेशच्या हातातला फडका खाली पडला. तो टेम्पोपासून चालत आला, पायरीशी आला, आणि त्या अंगणात तेवढा एकच माणूस हौसाच्या जवळ येऊन तिच्याशेजारी बसला. त्यानं तिच्या कपाळाला हात लावला. ती मागं सरली, तरी त्यानं हात काढला नाही.

“होतो परत,” तो म्हणाला. खाकरला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाला, “होतो परत. सिस्टरनं मना सांगितलेला, मी तुमाला खोटा बोललो. हौसेला परत झालाय.”